अनिमाच्या टाळूवर

तुमसर मागे पडलं तरी रंभाबाईच्या मांडीवरचा पोह्यांचा डबा उघडला नव्हता. सकाळी कारध्याहून निघताना सुनेने तो हातात दिला होता, वर दोन हिरव्या मिरच्या ठेवून. एरवी रंभाबाई अशी, की वैनगंगेचा पूल ओलांडला की लगेच डबा उघडायची आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही घासभर खायला लावायची. आज तिचं तोंडच कोरडं पडलं होतं.

"आजी, खाऊन घे ना वं दोन घास," नात हर्षा म्हणाली. "शुगर कमी होईन तुही."

"भूक नाई मले."

"भूक नाई म्हनते. कालपासून भूक नाई तुले."

हर्षा भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. आजीला चिखल्याला नेण्यासाठी तिने रविवारची सुट्टी खर्च केली होती. आजीची जुनी मैत्रीण गाव सोडून जातेय, तिला भेटायचंय, एवढंच तिला माहीत होतं. बाकी जे होतं ते रंभाबाईने एकेचाळीस वर्षांत नवऱ्याच्या फोटोलाही सांगितलं नव्हतं, मग नातीला कुठून सांगणार!

आठ दिवसांपूर्वी बिबियानाचा फोन आला होता. बिबियाना मूळची जशपूरकडची, उरांव आदिवासी. लग्न होऊन चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर आली आणि पंचेचाळीस वर्षं इथेच राहिली. नवरा गेल्या साली गेला, आता भाऊ न्यायला येणार होता. "दीदी, दोन नोव्हेंबरले ये," ती म्हणाली होती. "माहा इथला आखरी दोन नोव्हेंबर आहे. माह्या अनिमाच्या कबरीवर या बारीले तू मोमबत्ती लाव. तुह्याच हातानं तिले देवाघरचं दार उघडलं होतं ना."

दोन नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा, गेलेल्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायचा दिवस. फोन ठेवून रंभाबाई ओट्यावर बसली. तुझ्याच हाताने. हेच तर खरं नव्हतं. आणि हे खरं नाही हे बिबियानाला सांगायला आता एकच दिवस उरला होता.

गोबरवाहीच्या पुढे रस्त्याच्या कडेची धूळ काळी व्हायला लागली. कापलेल्या धानाचा वास आत आला आणि रंभाबाईने पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. या काळ्या धुळीत तिची उमर गेली होती. माहेर तिचं पवनीकडचं आसगाव, पाण्याचं, धानाचं गाव. सव्विसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा सासरी चिखल्यात तिच्या वाट्याला एक मुलगा आणि थोडं धान एवढंच होतं. बाळंतपणं करायला मात्र ती सासूकडून शिकली होती. खाणीच्या कॉलनीपलीकडे मिशनचा छोटा दवाखाना निघाला आणि तिथल्या सिस्टरला हाताखाली बाई हवी होती. रंभाबाई चौकशीला म्हणून गेली आणि सतरा वर्षं थांबली.

काय दिवस होते ते! दोन खोल्या, एक पडवी, कडुनिंबाचं झाड आणि झाडाखाली बाकडं. खाणीचा भोंगा झाला की घड्याळ लावायचं. सिस्टरचं नाव अपोलोनिया. ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून गावाने तिला पोलनीबाई करून टाकलं. बाई केरळची, पण मराठी शिकली ती थेट चिखल्याच्या बायकांकडून. "काहून बाप्पा, गोळ्या खाऊन नाही राहिली का तू?" असं ती ओरडली की पेशंटला हसू येई आणि तो अर्धा बरा होई. नाताळला ती केक करायला जाई. रॉकेलच्या स्टोव्हवर तो वरून कच्चा आणि खालून कोळसा होई. मग रंभाबाई घरून करंज्या आणी आणि सगळे ख्रिस्ती लोक येशूचा जन्म करंज्यांवर साजरा करत. महिन्यातून एकदा फादर येत. पडवीतली बाकडी हलवली की दवाखान्याचं देऊळ, बाकडी पुन्हा लावली की देवळाचा दवाखाना. रंभाबाई बाहेर दारात बसून गाणी ऐकायची. तिला त्यातली चार पाठ होती, अजूनही होती.

गावात बायका विचारायच्या, "का वं रंभे, किरिस्ताव झाली का तू?" ती म्हणायची, "नाई झाली. माह्या घरचे देव कोन पुजन मंग?" आणि खरंच, तिच्या देव्हाऱ्यात काही बदललं नव्हतं.

पण एकदा तिने स्वतःच विषय काढला होता. सिस्टर इंजेक्शनच्या सुया उकळत होती. रंभाबाई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही म्हनत असान तं घेते मी बी ते बाप्तिस्म्याचं पानी."

सिस्टर सुया सोडून तिच्याकडे वळली. "मी म्हनते म्हणून घेऊ नको. देवासाठी मनातून वाटलं तर घे. मला आनंदच होईन. नाही वाटलं तर राहू दे. तो तुझ्यावर रुसून नाही बसत."

"पन तुमच्या लोकांत तं म्हनते ना, जो आत नाई तो बाहेर?"

"कोन आत, कोन बाहेर, हे तू आणि मी रेघ ओढून ठरवायचं नाही. जे खरं वाटते तसं जो चालते, त्याला देव सापडते. नाव काय लावलं ते नंतर." एवढं बोलून ती पुन्हा सुयांकडे वळली आणि म्हणाली, "आता ते चिमटे दे, नाहीतर लोक तू आत असो का बाहेर, दोघींना शिव्या देतीन."

तिनेच एका दुपारी रंभाबाईला बाप्तिस्मा शिकवला. हसू नका, कोहळ्यावर शिकवला. टेबलावर एक लांबट कोहळं ठेवलं, हातात पाण्याचा गडवा दिला आणि म्हणाली, ख्रिस्ती घरचं लेकरू जन्मताच जायला लागलं, मी नाही, फादर नाही, तर तू करायचं. टाळूवर तीन वेळा पाणी ओतायचं, लेकराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.

रंभाबाईने गडवा खाली ठेवला. "मी? माह्या हातचं चालते का?"

"चालते."

"मी तं तुमच्यातली नाई."

"हात कोनाचाही चालते. पाणी पाहिजे, शब्द पाहिजेत, आणि आमचं चर्च जे करते तेच करायची इच्छा पाहिजे. बस."

रंभाबाईला हे खरंच वाटेना. जिथे कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं यावरून विहिरी वेगळ्या होत्या, त्या मुलखात ती जन्मलेली. आणि ही बाई म्हणत होती की देवाच्या दारात लेकराला न्यायला कुणाचाही हात चालतो. तिने कोहळ्यावर पाणी ओतलं, तीनदा, शब्द न चुकता. संध्याकाळी सिस्टरने त्याच कोहळ्याची भाजी केली. रंभाबाईच्या घशाखाली ती उतरेना. सिस्टर हसून हसून बेजार झाली. "अवं, कोहळ्याला आत्मा नसते!"

बस चिखल्याच्या फाट्यावर थांबली. हर्षाने आजीला हात देऊन उतरवलं. खाणीचे डंपर धूळ उडवत गेले. कॉलनीतली रांगेची घरं तशीच होती, पण दवाखान्याच्या जागी आता कुणाचं तरी गोडाऊन होतं. कडुनिंब मात्र उभा होता. रंभाबाई त्याच्यापाशी थांबली आणि खोडाला हात लावला. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"इथंच होता का वं दवाखाना?" हर्षाने विचारलं.

"इथंच. जिथं ते पोते ठेवले आहेत ना, तिथं खाट होती."

त्या खाटेवर चौऱ्याऐंशीच्या चैत्रात बिबियाना बाळंत झाली होती.

बिबियानाचं ते दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा घरीच झाला आणि पाणी पडायच्या आतच गेला. तेव्हा तिच्या गावाकडून आलेला एक म्हातारा, पूर्वी तिकडे लेकरांना धर्म शिकवायचा, तो बोलून गेला होता की असं लेकरू देवापाशी जात नाही, कुठेतरी अधेमधेच राहतं. बिचारा जे शिकला तेच बोलला असेल, पण ते वाक्य बिबियानाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तसं ती रोज येऊन रंभाबाईचा हात धरायची. "दीदी, लेकरू राहो न राहो, त्याच्यावर पानी पडलं पाहिजे. एवढं कर."

नेमकी त्याच दिवशी सिस्टर औषधं आणायला तुमसरला गेली होती. लेबर कॉलनीत हगवणीची साथ होती, म्हणून रंभाबाईने सकाळीच मोठं पातेलं भात शिजवून वरची पातळ पेज गाळून, मीठ घालून ठेवली होती. सलाइनच्या बाटल्या कमी पडल्या की सिस्टर पेशंटला हीच पेज पाजायची. एका गडव्यात उकळलेलं पाणी, शेजारच्या गडव्यात पेज. दोन्हींवर सारख्याच झाकण्या. त्या तिनेच ठेवल्या होत्या.

भर दुपारी मुलगी झाली. रडली नाही. निळी पडत चालली. रंभाबाईने तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात तोंड घालून फुंकर मारली. छाती एकदा हलली, मग नाही, मग पुन्हा जराशी. खाटेवरून बिबियाना ओरडत होती, "पानी टाक दीदी, पानी! अनिमा नाव तिचं, अनिमा!" रंभाबाईने एका हाताने लेकरू छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने झाकणी उडवली आणि गडवा उचलला. तीन वेळा ओतलं. शब्द एकही चुकला नाही. ओघळ कपाळावरून नाकावर आला, ओठांवर आला. ओठ हलले. थोड्या वेळाने लेकरू गेलं.

मग तिला पुसायला घेतलं तेव्हा रंभाबाईने पाहिलं. काळ्याभोर जावळात पांढरे थेंब सुकत होते.

तिने पदराने ते पुसून टाकले. दुसरा गडवा उचलायला आता उशीर झाला होता. बाप्तिस्मा जित्या लेकराचा असतो हे सिस्टरने शिकवलं होतं. बिबियानाने विचारलं, "पडलं?" आणि ती म्हणाली, "पडलं." संध्याकाळी सिस्टरने विचारलं, "पाणी टाकलं?" आणि ती म्हणाली, "टाकलं." सिस्टरने तिला जवळ घेतलं, मिशनच्या रजिस्टरात अनिमाचं नाव लिहिलं, आणि ज्याच्या हातून बाप्तिस्मा झाला त्या रकान्यात रंभाबाई असं लिहिलं. त्या रजिस्टरात ते एकच हिंदू बाईचं नाव असेल, आणि तेही खोट्यावर.

त्यानंतर दोनदा अशी वेळ आली. दोन्ही वेळा रंभाबाई लेकरू कापडात गुंडाळून अनवाणी धावली आणि सिस्टर जिथे असेल तिथे तिला गाठलं. पुन्हा गडव्याला हात लावला नाही. पुढे सिस्टर केरळला परत गेली, तिथेच वारली. रंभाबाईने सांगायचं म्हणून जेवढ्या वेळा मनाशी ठरवलं तेवढ्या वेळा तिला बिबियानाचा चेहरा दिसला. लेकरू गेल्याच्या दुःखात एकच गोष्ट त्या बाईला धरून होती, आणि ती काढून घ्यायची कुणाच्या हाताने? हिच्याच? नाही झालं तिच्याने. भित्री होती म्हणा हवं तर. ती स्वतःला हेच म्हणायची.

कबरस्तान टेकडीच्या उतारावर होतं. वीस-पंचवीस कबरी, सिमेंटचे नाहीतर लाकडाचे क्रूस. गवत कापून झालं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नागपूरहून आलेले तरुण फादर नेल्सन एकेका कबरीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडत वरच्या रांगेत होते. हर्षा फाटकाशीच थांबली.

बिबियाना सगळ्यात खालच्या रांगेत एका छोट्या कबरीपाशी बसली होती. केस पांढरे, पाठीत वाक, पण हसली तशी ती जुनीच बिबियाना. "आली का दीदी! किती बुढी झाली वं तू!"

"तू जशी जवानच आहे," रंभाबाई म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

कबरीवर मोमबत्ती ठेवलेली होती, अजून न लावलेली. शेजारी स्टीलच्या वाटीत दूध. दरवर्षी बिबियाना हे दूध ठेवायची. चर्चमध्ये असलं काही नसतं, पण आजवर आलेल्या प्रत्येक फादरने त्या वाटीपाशी आल्यावर दुसरीकडे पाहिलं होतं. "उपाशी गेली माही लेक," बिबियाना दरवर्षी म्हणायची. "माहं दूध बी उतरलं नव्हतं. जगात आली अन् एक थेंब न घेता गेली." आताही ती तेच म्हणाली आणि काडेपेटी रंभाबाईपुढे धरली. "घे. तू लाव."

रंभाबाईने काडेपेटी घेतली नाही. ती खाली मातीत बसली.

"बिबियाना, मले काही सांगाचं आहे. ऐकून मंग तुले जे म्हनाचं ते म्हन."

आणि तिने सांगितलं. दोन गडवे, सारख्या झाकण्या, पांढरे थेंब, पदर. मधे एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलली नसती.

बिबियाना ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"पसिया होता?" ती म्हणाली. तिच्या माहेरी पेजेला पसिया म्हणत. "माह्या पोरीच्या डोक्यावर तू पसिया टाकला?"

"हो."

"अन् एकेचाळीस वर्सं बोलली नाई."

"नाई बोलली."

"मी रोज रातच्या प्रार्थनेत तुहं नाव घेत होती वं! हिच्या हातानं माही पोरगी पोचली मनून!" बिबियानाचा आवाज चढला. वरच्या रांगेतल्या दोन बायका वळून पाहू लागल्या. "मले काहून नाई सांगितलं? मी काय मारली असती तुले?"

बिबियाना गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चढ चढत थेट फादरपुढे जाऊन उभी राहिली. रंभाबाईही मागोमाग गेली. जे ऐकायचं ते समोर ऐकावं, तेवढी हिंमत तिने आता केली.

"फादर, पेजेनं बाप्तिस्मा होते का?"

फादर गोंधळले. मग बिबियानाने चार वाक्यांत सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पाण्याची वाटी खाली ठेवली.

"नाही होत, मावशी," ते म्हणाले. "साधं पाणीच लागतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"मंग माही पोरगी बाहेर राहिली? ते बुढा म्हने तशी, अधेमधे?"

"चर्च असं म्हणत नाही. अशा लेकरांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि त्यांच्या तारणाची आशा धरायला सांगतं. माझ्याकडे खात्रीचा कागद नाही. पण देवाने बाप्तिस्मा आपल्यासाठी नेमून दिला, त्याने स्वतःचे हात बांधून नाही घेतले. तुमची इच्छा होती. यांची इच्छा होती. ती त्याला दिसली नसेल का?"

"अन् माहा पहिला पोरगा?"

"त्याच्यासाठीही तीच आशा."

बिबियानाने डोळे पुसले. मग एकदम रंभाबाईकडे बोट केलं. "अन् हे? हे तं माह्या पोरीसाठी मरत होती, पन हिनं सोता कधी पानी घेतलंच नाई. हे कोठं जाईन?"

रंभाबाईला वाटलं, रागातच विचारतेय. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे राग नव्हता, काळजी होती. बहुतेक जुनी काळजी होती ती.

फादर रंभाबाईकडे वळले. "आजी, आम्ही मानतो की तारणारा येशूच. पण ज्यांना तो तसा कळला नाही, त्यात त्यांचा दोष नाही, आणि जे मनापासून देवाला शोधतात, मन सांगेल तसं चांगलं करतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं आमचं चर्च शिकवतं. तुमचं काय होईल हे मी नाही सांगू शकत. माझं काय होईल हेही नाही सांगू शकत."

"पोलनीबाई असंच म्हनत होती," रंभाबाई हळूच म्हणाली. "मले माहं काही नाई फादर. हिनं मले माफ केलं पाहिजे."

फादरांनी पाण्याची वाटी उचलली आणि ते पुढच्या कबरीकडे वळले. ते शहाणे होते.

दोघी खाली परत आल्या. बिबियाना कबरीपाशी बसली आणि बराच वेळ मातीतले खडे वेचून बाजूला टाकत राहिली. खाणीचा भोंगा झाला. रंभाबाईने उठून जावं की बसावं हे तिला कळेना. मोमबत्ती तशीच होती.

"गरम होता का?" बिबियानाने विचारलं. मान खालीच होती.

"काय?"

"पसिया. गरम होता का तिच्या डोक्यावर टाकला तेव्हा?"

"नाई, नाई. कोमट होता. सकाळी गाळला होता. भाजला नाई तिले, देवाची शप्पत."

"मीठ होतं त्यात?"

"होतं थोडं."

"तोंडापर्यंत आला?"

रंभाबाईने आठवलं. आठवायचं काय, तिच्या डोळ्यांपुढून ते कधी गेलंच नव्हतं. पण इतकी वर्षं ती फक्त जावळातले पांढरे थेंब पाहत आली होती. त्याच्या खाली काय होतं तिकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं.

"आला," ती म्हणाली. "नाकावरून ओठावर आला. अन् तिनं..." तिचा आवाज फुटला. "तिनं जीभ काढली वं, बिबियाना. इतकुशी जीभ. चाटलं तिनं. एक डाव चाटलं, मंग अजून एक डाव. मंग गेली."

"चाटलं?"

"दोनदा. माह्या डोयानं पाह्यलं मी."

बिबियानाने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. रंभाबाईने तिला धरलं आणि बिबियानाने धरू दिलं. फादर आता सगळ्यात वरच्या रांगेत पोचले होते, त्यांच्या प्रार्थनेचा आवाज तुटक तुटक खाली येत होता.

"मंग उपाशी नाई गेली," बिबियाना म्हणाली. "भाताचं पोटात घेऊन गेली माही लेक." आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली, जणू कुणाला तरी सांगून पक्कं करत होती. "उपाशी नाई गेली."

मग तिने डोळे पुसले, काडेपेटी उचलून रंभाबाईच्या हातात दिली. या वेळी रंभाबाईने ती घेतली. वाऱ्याने दोन काड्या विझल्या, तिसरीने मोमबत्ती पेटली.

"दरसाल येशीन ना?" बिबियाना म्हणाली. "मी नाई राहीन आता इथं."

"येईन. पाय चालतीन तोवर येईन. मंग हर्षाले पाठवीन."

बिबियानाने कबरीवरची दुधाची वाटी उचलली. त्यात गवताची एक काडी पडली होती, ती तिने बोटाने काढून टाकली. रंभाबाईकडे नीट पाहिलं, सुकलेल्या ओठांकडे.

"सकाळपासून काही खाल्लं नाई ना तू?"

"नाई."

"मले माहीत आहे तुही आदत. तिले आता याची गरज नाई. घे, पी."

रंभाबाईने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि प्यायली. दुधात साखर जास्त होती, बिबियानाचा हात पहिल्यापासूनच सढळ. फाटकाशी हर्षा घड्याळ दाखवत होती, तीनच्या बसला अजून वीस मिनिटं होती. बिबियानाने रिकामी वाटी परत घेतली, पदराने पुसली आणि घरी न्यायच्या पिशवीत टाकली.